आडवा रस्ता

भूतानच्या पूर्व टोकाला त्राशीगांग आहे आणि पश्चिमेला राजधानी थिंफू. त्राशीगांगच्या माणसाला राजधानीत काम निघाले की तो कितीतरी वर्षे आधी दक्षिणेकडे उतरत असे. समद्रुप जोंगखारच्या वेशीतून तो आसामात येई, आसाम आणि उत्तर बंगालच्या सपाट मुलखातून दिवसभर पश्चिमेकडे जाई, जयगावला पोचून फुंटशोलिंगच्या वेशीतून पुन्हा आपल्या देशात शिरे आणि मग डोंगर चढून थिंफू गाठे. घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला शेजाऱ्याच्या अंगणातून जावे, तसा हा प्रवास. देशाच्या आतून जाणारा रस्ता अंतराने जवळचा होता, तरी जाणती माणसे हा वळसाच पसंत करत. भूतानच्या महामार्गांची साठ वर्षांची हकीकत म्हणजे बऱ्याच अंशी हा वळसा टाळण्याच्या धडपडीची हकीकत आहे.

या धडपडीचे मूळ नकाशात दिसते. भूतानचे क्षेत्रफळ 38,394 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण आठवा हिस्सा. वस्ती आठ लाखांच्या आतली. दक्षिणेची सीमा समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, तर उत्तरेची शिखरे सात हजार मीटरच्या वर, आणि या दोहोंमध्ये दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचे अंतर. अमोचू, वांगचू, पुनातसांगचू, मांगदेचू, द्रांगमेचू या साऱ्या मोठ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, आणि दर दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची उंच धार उभी असते. त्यामुळे उत्तर-दक्षिण जायचे तर नदीचे खोरे वाट दाखवते. पूर्व-पश्चिम जायचे तर प्रत्येक धार चढायची, उतरायची, नदी ओलांडायची आणि पुन्हा चढायला लागायचे. उभे रस्ते कष्टाचे पण शक्य कोटीतले. आडवा रस्ता म्हणजे निसर्गाशी उभा दावा.

मोटारी येण्याआधीही आडव्या वाटेचे महत्त्व भूतानी लोकांना पुरते कळले होते. देशाच्या मधोमध त्रोंगसाचा किल्लेवजा मठ आहे, ज्याला तिकडे जोंग म्हणतात. मांगदेचूच्या खोल दरीच्या काठावर तो अशा जागी बांधला, की पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी पायवाट थेट त्याच्या आवारातून जावी. दरवाजा लावला की वाट बंद. माणूस, खेचर, मीठ, तांदूळ, निरोप, सगळे त्रोंगसाच्या अधिपतीच्या नजरेखालून जायचे. 1907 साली भूतानच्या राजघराण्याची स्थापना झाली तेव्हा गादीवर बसलेले उग्येन वांगचुक हे त्रोंगसाचेच अधिपती होते, यात मला नवल वाटत नाही. आडवी वाट ज्याच्या मुठीत त्याच्याच मुठीत देश, हे राजकारण तिथे रस्त्याच्या आधीपासून चालत आले आहे.

नद्या ओलांडायला साखळ्यांचे पूल होते. पंधराव्या शतकातल्या थांगतोंग ग्याल्पो या तिबेटी साधूने लोखंडी कड्या जोडून असे अनेक पूल बांधले. पारोच्या वाटेवर तामचोगला त्याच्या नावाचा पूल आजही नदीवर लोंबकळताना दिसतो. बाकी सारा प्रवास खेचर, घोडे आणि माणसांचे पाय यांवर. भारताच्या सीमेपासून थिंफूला जायला सहा दिवस लागत. 1950च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या देशात मोटारीचा एकही रस्ता नव्हता, आणि त्याची फारशी निकडही कोणाला वाटत नव्हती, कारण व्यापाराचे तोंड तिबेटकडे होते. तांदूळ वर जायचा, मीठ आणि लोकर खाली यायची.

1958च्या सप्टेंबरात पंडित नेहरू पारोला आले तेही तिबेटच्या वाटेने. सिक्कीममधून नाथू ला ओलांडून ते चुंबी खोऱ्यात उतरले आणि तिथून घोड्या-खेचरांवरून आणि पायी भूतानात शिरले. बरोबर इंदिरा गांधी होत्या. नेहरूंचे वय तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. भारताच्या पंतप्रधानाला शेजारच्या देशात जायला चीनच्या ताब्यातल्या मुलखातून जावे लागते, या एका गोष्टीने रस्त्याचा प्रश्न दोन्ही बाजूंना जितका कळला असेल तितका शंभर टिपणांनी कळला नसता. पुढच्याच वर्षी तिबेटात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि भूतानने उत्तरेची सीमा बंद केली. शतकानुशतकांचा व्यापार थांबला. आता दक्षिणेकडे वळल्यावाचून गत्यंतर नव्हते.

तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी 1961 साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू केली. तिचा सगळा खर्च भारताने उचलला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा रस्त्यांवर गेला. शाळा, दवाखाने, वीज यांची गरज काही कमी नव्हती. पण शाळेचे पत्रे, दवाखान्याची औषधे आणि विजेचे खांब वाहून न्यायचे कसे, हा प्रश्न आधी सुटायला हवा होता. हा क्रम बरोबर होता असेच मला वाटते. त्याच वर्षी भारताच्या सीमा रस्ते संघटनेने भूतानसाठी ‘दंतक’ हा प्रकल्प उभा केला. यात भारताचाही स्वार्थ होता आणि तो लपवण्यासारखा नाही. 1962चे युद्ध तोंडावर आले होते आणि हिमालयाच्या या पट्ट्यात फौजेला हालचालीची वाट हवी होती.

पहिला रस्ता फुंटशोलिंग ते थिंफू, सुमारे 175 किलोमीटरचा. 1962 पर्यंत गाड्या थिंफूला पोचू लागल्या. पक्के काम आणि डांबरीकरण पुढे काही वर्षे चालले. सहा दिवसांची वाट सहा तासांवर आली. हे वाक्य भूतानवरच्या प्रत्येक पुस्तकात येते, पण त्यासाठी कोणी काय वाहिले ते कमी वेळा येते. दंतकच्या यंत्रांबरोबर भारत आणि नेपाळमधून आलेले मजूर होते. भूतानच्या खेड्यांवर सक्तीच्या श्रमाची पाळी होती: बारा माणसांमागे एक माणूस रस्त्याच्या कामाला द्यायचा. ज्यांनी आयुष्यात चाक पाहिले नव्हते त्यांनी चाकासाठी डोंगर फोडला. दंतकच्या कामावर आजवर बाराशेहून अधिक माणसांनी जीव गमावला आहे. कोणी दरडीखाली, कोणी सुरुंगात, कोणी गाडीसकट दरीत. हा बदल घडवण्यात पुढाकार घेणारे पंतप्रधान जिग्मे पाल्देन दोर्जी यांची 1964च्या एप्रिलमध्ये हत्या झाली, तीही रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फुंटशोलिंगमध्येच. जुना देश आणि नवा देश यांच्यातली ओढाताण किती तीव्र होती याची त्यावरून कल्पना येते.

पूर्वेकडेही दुसरा उभा रस्ता त्याच सुमारास झाला, समद्रुप जोंगखार ते त्राशीगांग, सुमारे 180 किलोमीटर. मधल्या भागात गेलेफूकडून वर जाणारे रस्ते आले. म्हणजे चित्र असे, की प्रत्येक खोऱ्याला दक्षिणेची वाट मिळाली, आणि त्या सगळ्या वाटांना जोडणारा सपाट रस्ता मात्र भारताच्या हद्दीत राहिला. त्राशीगांगच्या माणसाचा वळसा इथून सुरू झाला.

त्यावरचा उपाय म्हणून थिंफू ते त्राशीगांग असा आडवा महामार्ग काढायला घेतला. तो पुरा व्हायला सत्तरच्या दशकाचा मध्य उजाडला. लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. पुणे-नागपूर अंतर याहून जास्त आहे आणि आपण ते एका रात्रीत कापतो. इथे दोन दिवस लागतात, घाई न करणाऱ्याला तीन. थिंफू सोडल्यावर लगेच दोचुलाची खिंड, 3,100 मीटरची. तिथून रस्ता वांगदूच्या खोऱ्यात तेराशे मीटरपर्यंत खाली येतो, की पुन्हा पेले ला, 3,400 मीटर. मग त्रोंगसा, मग योतोंग ला, तीही 3,400च्या घरात. मग बुमथांगचे रुंद, थंड खोरे, जिथे जरा सपाटी मिळते. आणि त्यानंतर थ्रुमशिंग ला, 3,780 मीटर, हिवाळ्यात बर्फाने बंद पडणारी.

या खिंडीपलीकडचा उतार मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. शंभर किलोमीटरच्या आत रस्ता तीन हजार मीटरहून अधिक खाली येतो. वर फर आणि ऱ्होडोडेंड्रॉनचे जंगल, त्याखाली ओक, त्याखाली बांबू, आणि तळाला लिंगमेथांगला केळी आणि संत्री. सकाळी लोकर घालून निघालेला माणूस दुपारी घामाने निथळतो. या उतारावर नामलिंगचा कडा आहे. सरळ उभ्या खडकात खाच कोरून रस्ता बसवला आहे. डाव्या हाताला ठिबकणारी भिंत, उजव्या हाताला धुके, आणि धुक्याखाली किती दरी आहे ते दिसत नाही हेच बरे. हा तुकडा कोरताना शेकडो भारतीय आणि नेपाळी मजूर मेले. त्यांच्या स्मरणार्थ रस्त्याकडेला छोर्तेन, म्हणजे स्तूप, बांधला आहे. त्यांची घरे इथून फार दूर होती. त्यांच्या नावांनी ओळखला जाणारा एखादा पूल किंवा खिंड भूतानात असावी असे मला मनापासून वाटते.

रस्ता झाला म्हणजे काम संपले, असे हिमालयात होत नाही. तिथला घाटरस्ता आडवा कापून पाहिला तर अर्धी रुंदी डोंगरात खोदलेली असते आणि अर्धी, बाहेरच्या बाजूची, भरावावर उभी असते. आतल्या कडेला गटार असते. वरून येणारे पाणी गटारात उतरते, मोरीतून रस्त्याखालून पलीकडे जाते आणि दरीत पडते. हे चालले तोवर रस्ता जगतो. गटारात एक दगड अडकला की पाणी रस्त्यावर येते, बाहेरच्या भरावात मुरते, भराव फुगतो आणि एका रात्री रस्त्याची अर्धी रुंदी खाली बसते. सह्याद्रीतल्या घाटांतही दरडी कोसळतात, पण आपल्याकडचा काळा कातळ तुलनेने टणक. हिमालय अजून उचलला जातो आहे. त्याच्या पायथ्याचे खडक दाबाने चिरडलेले, पापुद्र्यांचे, हाताने भुगा होणारे. त्यावर दक्षिण भूतानात वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. त्यामुळे फुंटशोलिंगवरून निघालेला रस्ता पहिल्या चढालाच अडतो. सोरचेन, जुंबजा ही तिथल्या सरकत्या उतारांची नावे भूतानमधल्या प्रत्येक ट्रकचालकाला पाठ आहेत. गेलेफूच्या रस्त्यावर अशीच ख्याती ‘बॉक्स कटिंग’ची.

आता बरेच मराठी प्रवासी बागडोगरा किंवा हासिमाराला उतरून जयगावमार्गे थिंफूला जातात. या चढावर त्यांना रस्त्याकडेला फावडी घेऊन गटार उपसणारी माणसे दिसतील, बायाही दिसतील, पाठीवर पोर बांधलेल्या. डांबराची रिकामी पिंपे कापून, ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांची त्यांची खोपटी रस्त्यालगतच असतात. साऱ्या महामार्गाचा जीव या फावड्यांवर आहे. मोठ्या यंत्रांची पाळी दरड कोसळल्यावर येते. दरड रोजच कोसळत नाही ती या माणसांमुळे.

रस्ता बांधण्याच्या पद्धतीतही भूतानने पुढे एक चांगला बदल केला. पूर्वी बुलडोझर डोंगर कापत जाई आणि निघालेला मुरूम, माती, दगड सरळ दरीत ढकलून देई. हे स्वस्त पडते. पण तो राडारोडा खालचे जंगल झोपवतो, शेत गाडतो, नदीचे पात्र भरतो आणि उताराचा पाया सैल करतो, म्हणजे वरचा रस्ताच पुन्हा खाली येतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पर्यावरण सांभाळून रस्ते बांधायची पद्धत तिथे रुजवली गेली. बुलडोझरऐवजी एक्स्कव्हेटरने माती उचलायची, ट्रकात भरायची, ठरवलेल्या जागी नेऊन टाकायची, उघड्या उतारांवर गवत आणि झुडपे लावायची, तारेच्या जाळीत दगड भरून भिंती घालायच्या. ज्या देशाच्या राज्यघटनेतच किमान साठ टक्के भूमी कायम जंगलाखाली राहील असे लिहिले आहे, त्याला हे शोभतेच. ठेकेदाराला घाई असली किंवा पैसे कमी पडले की माती अजूनही दरीत जाते, हेही तितकेच खरे.

आडवा महामार्ग झाला तरी तो एकपदरी, वळणावळणाचा आणि पावसाळ्यात बेभरवशाचा. म्हणून आसामचा वळसा सुटला नाही. नव्वदच्या दशकात मात्र त्या वळशाला भीती चिकटली. आसाममधल्या उल्फा आणि बोडो बंडखोरांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ टाकले होते. आसामातून जाणाऱ्या भूतानी गाड्यांवर हल्ले झाले, माणसे मेली. 2003च्या डिसेंबरमध्ये भूतानच्या फौजेने ते तळ उठवले. दोचुलावरचे 108 स्तूप हे त्या मोहिमेचे स्मारक. पण सरकारच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: आपल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणे शेजारच्या राज्यातल्या शांततेवर अवलंबून राहता कामा नये. 2020 साली करोनात सीमा बंद झाली तेव्हा हीच गोष्ट पुन्हा पटली.

यातून दक्षिणेचा दुसरा आडवा महामार्ग पुढे आला. समत्सेपासून फुंटशोलिंग, गेलेफू, न्गांगलामवरून समद्रुप जोंगखारपर्यंत, सारा भूतानच्या हद्दीत, डोंगराच्या पायथ्याला धरून. आशियाई विकास बँकेच्या मदतीने आणि दंतकच्या हातून तो तुकड्या-तुकड्यांनी होत आला आहे. इथे खिंडी कमी, पण डोंगरातून बाहेर पडताना नद्या मैलभर पसरतात, म्हणून पूल लांब लागतात. आणि हे हत्तींचे राज्य आहे. मानसच्या जंगलापासून पश्चिमेकडे हत्तींच्या जुन्या वाटा याच पट्ट्यातून जातात, म्हणून काही ठिकाणी रस्त्याखालून त्यांना जाता येईल असे उंच बोगदे ठेवले आहेत. माणसाच्या आडव्या वाटेने हत्तीची उभी वाट तोडू नये, इतका विचार रस्ता आखतानाच झाला याचे मला फार कौतुक वाटते.

उत्तरेच्या जुन्या आडव्या महामार्गाचे रुंदीकरण 2014 नंतर हाती घेतले गेले. घाट दुपदरी करायचा म्हणजे डोंगराची आतली बाजू पुन्हा कापायची, जे उतार चाळीस वर्षांत कसेबसे स्थिरावले होते ते पुन्हा उघडे करायचे. त्यातून कामे जवळजवळ सगळ्या टप्प्यांवर एकदम काढली गेली. दोन-तीन पावसाळे या रस्त्यावरच्या प्रवाशांनी चिखलात आणि गाड्यांच्या रांगांत काढले. नवा डांबरी थर काही ठिकाणी वर्षभरात उखडला. आज रस्ता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुखाचा आहे, पण हे काम टप्प्याटप्प्याने करायला हवे होते, असेच माझे मत आहे.

महामार्गाला जोडून आता शेतरस्त्यांचे जाळे पसरले आहे. भूतानातल्या सगळ्या प्रकारच्या रस्त्यांची लांबी अठरा हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि त्यात मोठा भाग या कच्च्या शेतरस्त्यांचा. 2008 पासून निवडणुका होऊ लागल्यावर मतदाराने उमेदवाराकडे पहिली मागणी केली ती रस्त्याची. यातले बरेच रस्ते गटाराशिवाय, उभ्या चढाचे, पहिल्या पावसात वाहून जाणारे आहेत. तरी त्यांनी काय दिले ते बटाट्याला विचारावे. फोबजिखा, बुमथांग आणि पूर्वेकडच्या उंच गावांमध्ये बटाटा हे नगदी पीक झाले, कारण पोती फुंटशोलिंग आणि समद्रुप जोंगखारच्या लिलावाच्या आवारात पोचू लागली. भारतातले व्यापारी तिथे बोली लावतात. जिथे पूर्वी शेतकरी मिठाची गोणी पाठीवर घेऊन दिवसचे दिवस चालत होता, तिथे तो आता बटाट्याचा भाव फोनवर विचारून गाडी भरतो. गासा जिल्ह्यातल्या लुनानासारख्या बर्फातल्या वस्त्यांच्या नशिबी मात्र उंच खिंडी पायी ओलांडणे राहिले आहे.

रस्ते कुठवर न्यायचे हा प्रश्न भूतानात आता कुठे खऱ्या अर्थाने उभा राहिला आहे, आणि त्याचे नाव आहे शिंगखार-गोरगान. शिंगखार हे बुमथांगच्या उरा खोऱ्यातले गाव, गोरगान पलीकडच्या ल्हुंत्से जिल्ह्यातले. दोघांमध्ये रस्ता झाला तर ल्हुंत्सेच्या लोकांचे राजधानीकडचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास घटेल. पण हा रस्ता थ्रुमशिंग लाच्या राष्ट्रीय उद्यानातून, वाघांच्या वस्तीतून जातो. संसदेत, वर्तमानपत्रांत आणि गावसभांत यावर वर्षानुवर्षे वाद चालला. ल्हुंत्सेचे लोक म्हणतात, देश जोडायला आम्हीही राबलो, मग आमच्याच वाट्याला वळसा का? वनखात्याचे लोक म्हणतात, उद्यानातून एक महामार्ग आधीच जातो, दुसरा गेला तर मधले जंगल तुटके बेट होईल. मी वनखात्याच्या बाजूचा आहे. पण मी हे ल्हुंत्सेबाहेर बसून म्हणतो आहे, आणि तिथल्या आजारी माणसाला थिंफूच्या मोठ्या इस्पितळात नेताना हे मत कोणाच्या उपयोगाचे नाही. त्याची गाडी आधी मोंगारच्या दिशेने दक्षिणेला उतरते, लिंगमेथांगच्या तळाला जाते आणि मग नामलिंगच्या कड्यावरून थ्रुमशिंग ला चढू लागते.